गल्लीतल्या वाचनालयाचा इतिहास कुठे सापडतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

वाचनालयाच्या शाखांविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रे एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या छोट्या शाखेतून आलेली आहेत. कुठे चाळीतली तळमजल्याची खोली, कुठे देवळाच्या ओवरीतली चार कपाटे, कुठे पालिकेच्या शाळेचा संध्याकाळी रिकामा होणारा वर्ग. मोठ्या संस्थांचा इतिहास बऱ्यापैकी नोंदलेला आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि शहरभर शाखा पसरवणारे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे, एवढे वाचनवेड्या माणसाला पाठ असते. शाखेच्या वाट्याला मात्र मुख्य संस्थेच्या स्मरणिकेतल्या दोन ओळी येतात. तेवढ्यावर भागत नाही आणि कित्येकदा त्या ओळी चुकलेल्याही असतात. शाखेचा खरा ऐवज शाखेच्याच कपाटात असतो. पहिला ऐवज म्हणजे दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमाने अंक देऊन त्याची नोंद करायची वही. दुसरा म्हणजे पुस्तकांची अंगे, त्यांवरचे शिक्के, अंक आणि चिठ्ठ्या. खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील.

प्रश्न : आमच्या शाखेच्या फलकावर एक साल आहे, मुख्य संस्थेच्या स्मरणिकेत दुसरे आणि नोंदणीच्या कागदावर तिसरे. अमृतमहोत्सव कोणत्या वर्षी धरायचा? (एक वाचक, डोंबिवली)

तिन्ही साले बरोबर असू शकतात, कारण ती वेगवेगळ्या घटनांची आहेत. शाखेच्या जन्माच्या निदान पाच तारखा असतात. कार्यकारिणीने शाखा उघडण्याचा ठराव केला ती पहिली, उद्घाटन झाले ती दुसरी, पहिले पुस्तक सभासदाच्या हातात गेले ती तिसरी, सध्याच्या जागेत शाखा आली ती चौथी आणि संस्थेची सरकारदरबारी नोंद झाली ती पाचवी. फलकावर बहुधा चौथी असते, कारण नव्या जागेत फलकही नवा लागतो. स्मरणिकेत पहिली किंवा दुसरी असते.

पाचव्या तारखेची गल्लत फार होते. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असते आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यामुळे तिची नोंद धर्मादाय कार्यालयातही झालेली असते. कितीतरी जुन्या संस्थांनी ही दुसरी नोंद स्थापनेनंतर वीस-तीस वर्षांनी केली. तिच्यावरून शाखेचे वय मोजू नका. शिवाय ही नोंद मुख्य संस्थेची असते, शाखेची नव्हे.

आमच्या मते धरायची ती पहिल्या देवघेवीची तारीख. ठराव कागदावरच राहिला असेल, उद्घाटनानंतर सहा महिने कुलूप लागले असेल. पण पुस्तक घरी गेले की वाचनालय सुरू झाले. ही तारीख वर्गणीच्या पहिल्या पावतीपुस्तकात, अनामतीच्या खतावणीत किंवा कीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) सापडते. उद्घाटनाची तारीख ताडून बघायची असेल तर त्या आठवड्यातली वर्तमानपत्रे पाहा. पुण्याकडे 'केसरी' (१८८१ पासून) आणि 'सकाळ' (१९३२ पासून), मुंबईत 'लोकसत्ता' (१९४८ पासून) आणि 'महाराष्ट्र टाइम्स' (१९६२ पासून) यांत अशा बातम्या चार ओळींत का होईना, यायच्या. उद्घाटन रविवारी झाले असेल तर बातमी मंगळवार-बुधवारपर्यंत शोधा.

जुन्या इतिवृत्तात, म्हणजे सभांच्या नोंदींत, तारीख शकात असेल तर ७८ मिळवा. 'विजयादशमी शके १८६८' म्हणजे ऑक्टोबर १९४६. मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात: 'माघ शके १८६८' हा १९४७ चा जानेवारी-फेब्रुवारी. इथे एका वर्षाची चूक हमखास होते आणि मग ती फलकावर कोरली जाते. १९५७ नंतरच्या सरकारी पत्रांतला शक निराळा आहे. तो सौर राष्ट्रीय पंचांगाचा, त्याचा चैत्र १ हा २२ मार्चला येतो आणि लीप वर्षी २१ मार्चला. 'दि. १० चैत्र १८८५' म्हणजे ३१ मार्च १९६३. तिथे पंचांग उघडून तिथी शोधू नका.

प्रश्न : शाखेत दाखल नोंदवहीचे सहा खंड आहेत, सुमारे नऊ हजार नोंदी. यातून इतिहास कसा काढतात? नुसती यादीच दिसते. (वाचनालयाच्या कार्यवाह, सातारा)

ती यादी नीट वाचली तर शाखेची कमाई, आवड, ओळखीपाळखी आणि अडचणी सगळे त्यात दिसते. म्हणून या उत्तराला जागा जास्त देत आहोत.

आधी खात्री करा की वही मूळची आहे. पुष्कळ शाखांत जुनी वही फाटल्यावर किंवा अनुदानाच्या तपासणीआधी नवी वही उतरवून काढलेली असते. अशी वही ओळखायची खूण सोपी आहे. पहिले हजार-दीड हजार अंक एकाच हाताचे, एकाच शाईचे, आणि दाखल दिनांकाच्या रकान्यात पानभर एकच तारीख किंवा नुसते 'ʺ' असे चिन्ह. ती तारीख उतरवण्याची आहे, खरेदीची नव्हे. अशा वेळी बिल क्रमांकाचा आणि शेऱ्याचा रकाना पाहा, कारण उतरवणाऱ्याने तिथे बऱ्याचदा जुना अंक लिहून ठेवलेला असतो.

दुसरा सापळा म्हणजे भरलेले अंक. पुस्तक बाद झाल्यावर त्याच अंकावर नवे पुस्तक चढवायची चुकीची पद्धत काही ठिकाणी होती. अंक ३१२ च्या आधीची आणि नंतरची पुस्तके १९५० सालाच्या आतली आणि ३१२ वर १९७४ चे प्रकाशन, असे दिसले की तो अंक भरलेला समजा आणि मोजणीतून वगळा.

आता मोजणी. नऊ हजार नोंदी वाचत बसू नका. दर शंभरावी नोंद घ्या: १००, २००, ३०० असे करत ९० नोंदी होतील. प्रत्येकीची सात गोष्टींत नोंद करा: दाखल दिनांक, प्रकाशन वर्ष, किंमत, विकत की देणगी, पुरवठादार किंवा देणगीदार, विषय, आणि आज पुस्तक कुठे आहे. दोन माणसे दोन दुपारी बसली तर काम होते. एकाने वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे. एकट्याने केले की रकाने चुकतात. ही मोजणी मोठा कल दाखवते, पण एकगठ्ठा देणग्या तिच्यातून निसटतात. म्हणून वही एकदा नुसती चाळा आणि सलग वीसहून जास्त नोंदी एकाच देणगीदाराच्या असतील ती पाने वेगळी टिपा. एखाद्या शिक्षकाचा किंवा वकिलाचा घरचा संग्रह असा शाखेत आलेला असतो आणि त्या वर्षापासून शाखेतले विषयच बदलतात.

मग तारखा कशा पडल्या आहेत ते पाहा. वर्गणीवर चालणारी शाखा महिन्याला चार-पाच पुस्तके घेते. अनुदान सुरू झाले की खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये गोळा होते, कारण रक्कम ३१ मार्चच्या आत खर्ची दाखवायची असते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. तो १ मे १९६८ पासून अमलात आला आणि पुढे अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळू लागले. तुमच्या वहीत मार्चमधली गर्दी कोणत्या वर्षी सुरू होते ते शोधा. संस्था अनुदानावर कधी आली ते इतिवृत्ताच्या आधी तिथेच कळेल. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाचा शिक्का असलेली पुस्तके १९७२ नंतरची, कारण प्रतिष्ठानच त्या साली स्थापन झाले.

किमती वाचताना रुपये-आणे-पै विसरू नका. '२-८-०' म्हणजे अडीच रुपये, '१-४-०' म्हणजे सव्वा रुपया. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि १ जून १९६४ पर्यंत 'नवे पैसे' असा शब्द होता. बदलाच्या वर्षी छापील किंमत आण्यांत आणि नोंद नव्या पैशांत असा घोळ आढळेल. बारा आणे म्हणजे पंचाहत्तर नवे पैसे एवढे लक्षात ठेवले की पुरे. किमतीच्या रकान्यात छापील रक्कम आहे की सवलत वजा करून दिलेली, हे दोन-तीन बिलांशी ताडून बघितल्याशिवाय 'त्या वर्षी एवढ्याची खरेदी झाली' असे लिहू नका.

शेवटचा रकाना 'बाद' किंवा 'निर्लेखन'. आम्हाला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. आज कपाटात दिसणाऱ्या जुन्या पुस्तकांवरून 'त्या काळी लोक हे वाचत' असे ठरवले की फसगत होते. कपाटात टिकले ते बहुतांशी कमी वाचले गेलेले. जे हातोहात फिरले ते तीनदा बांधणीला गेले, पाने सुटली आणि शेवटी बाद झाले. म्हणून 'झिजून बाद' असा शेरा असलेल्या पुस्तकांची वेगळी यादी करा. तुमच्या आळीने मनापासून काय वाचले ते या यादीत आहे. 'हरवले' आणि 'वसूल' हे शेरे मात्र त्यात मिसळू नका.

प्रश्न : वह्या पुरात गेल्या. फक्त पुस्तके उरली आहेत. आता काही करता येईल का? (सांगलीहून)

नक्की येईल. एक पुस्तक टेबलावर घ्या आणि बाहेरून आत या. बांधणी जुनी असेल तर कण्यावर कापडाचा तुकडा आणि त्यावर पांढऱ्या रंगाने किंवा चिठ्ठीवर अंक. आतल्या पहिल्या पानावर शिक्का. मुखपृष्ठामागच्या पानावर दाखल अंक, पुष्कळदा दोन: एक तांबड्या शाईने खोडलेला आणि शेजारी दुसरा. खोडलेला अंक मुख्य संस्थेचा असेल तर हे पुस्तक तिथून शाखेला आलेले. अशी पन्नास पुस्तके पाहिली की मुख्य संस्थेने शाखेला पहिला गठ्ठा कोणत्या अंकांतून दिला ते उमगते.

मग ठरावीक पान उघडा. बहुतेक ग्रंथालये पुस्तकाच्या आत एका ठरलेल्या पानावर, कुठे १७, कुठे २५, कोपऱ्यात दाखल अंक लिहितात. याला गुप्त पान म्हणतात. पहिले पान फाडले तरी पुस्तक ओळखता यावे हा हेतू. काही पुस्तकांत गुप्त पान निराळे निघाले तर ती दुसऱ्या वाचनालयाची आहेत. गल्लीतले एखादे छोटे स्वतंत्र वाचनालय तुमच्या शाखेत विलीन झाले असेल, तर त्याचा हा उरलेला पुरावा.

शेवटी तारीखपट्टी. परतीच्या तारखांचे शिक्के वर्षावर मोजा. एका पट्टीवर १९६८ मध्ये अकरा शिक्के, १९७३ मध्ये तीन, असा उतार दहा-वीस पुस्तकांत दिसला तर त्या काळात काय बदलले ते विचारा. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले हे एक कारण असू शकते. पण शाखेची जागा बदलली असेल, वेळ कमी केली असेल, नवी आवृत्ती आल्यामुळे जुनी प्रत मागे पडली असेल, हेही तपासा. आणि लक्षात ठेवा, पुस्तक बांधणीला गेले की पट्टी नवी लागते. पट्टीवरची पहिली तारीख म्हणजे पुस्तकाचा पहिला वाचक नव्हे. बाईंडरने कडा कापल्या असतील तर शिक्क्याचा अर्धा भागही गेलेला असतो.

शिक्क्यांचे वय ढोबळ ठरवता येते. 'मुंबई १४' किंवा 'पुणे ३०' असा नुसता विभाग असेल तर शिक्का बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधी बनवलेला. सहा आकडी पिन त्या दिवशी सुरू झाला. 'नांव', 'गांव', 'वाचनालयांत' असे अनुस्वार असतील तर तो १९६२ च्या लेखननियमांआधी कोरलेला असण्याची शक्यता मोठी. पण रबरी शिक्का वीस वर्षे वापरतात. तो केव्हापासूनचा ते यातून कळते, केव्हा मारला ते कळत नाही.

प्रश्न : इतिवृत्ताच्या जुन्या वहीला कसर लागली आहे आणि पाने सुटत आहेत. लॅमिनेशन करून घ्यावे का? (ग्रंथपाल, चिपळूण)

कृपा करून करू नका. उष्णतेने प्लास्टिक कागदात वितळते आणि पुन्हा निघत नाही. आत राहिलेला दमट कागद तसाच कुजतो. चिकटपट्टीही नको. पाच-सात वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो आणि पट्टी सुटून पडते.

आधी शत्रू ओळखा. पानावर वरवर खरवडल्यासारखे पातळ चट्टे म्हणजे कसर. तिला खळीची आणि पुठ्ठ्याची चटक. एक-दोन मिलिमीटरची गोल भोके आरपार म्हणजे किडा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि मग वही हलवून भागणार नाही, भिंत आणि चौकट यांचाच उपाय करावा लागेल. कसर किंवा किडा असेल तर वही प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका. लगेच उघडली तर कागदावर दव धरते. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुधा एवढा थंड होत नाही. शाई विरघळणारी असेल तर ती पाने आधी फोटोत घ्या. जांभळट करडी कॉपिंग पेन्सिल जुन्या वह्यांत फार आढळते. तिला थेंबभर पाणी लागले की अक्षर जांभळे होऊन पसरते.

फाटलेल्या कडेला जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) बोटभर पट्टी आणि खळ पुरते. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे ढवळत शिजवा, अर्धपारदर्शक झाली की उतरवून मलमलीतून गाळा. बाईंडर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, किडीसाठी. नोंदवहीच्या कव्हरला ठीक, पण जपायच्या कागदाला नको, कारण तांबे कागदाला हळूहळू खाते. बिनमोरचुदाची खळ तीन-चार दिवसांत आंबते, म्हणून थोडीच करा. पट्टी लावल्यावर दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर वजन, रात्रभर.

चिपळूणला पावसाळ्याची मोठी काळजी. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर ठेवा, उघडीप मिळाली की दारे उघडून पंखा लावा. ओली वही उन्हात वाळवायची सवय सोडा. ऊन शाई फिकट करते आणि कागद कडक. सावलीत, पाने पंख्यासारखी पसरून. बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावून अंगणात मऊ ब्रशने झटका, खोलीत कधीच नाही.

प्रश्न : वह्यांचे फोटो मोबाइलवर काढले तर चालतील का, की स्कॅनरच हवा? (नागपूर)

चालतील, एका वेळी एकच पान घेतले तर. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण ४००० गुणिले ३००० ठिपके असतात. फुलस्केप पान सुमारे ८ गुणिले १३ इंच. म्हणजे इंचाला तीनशेच्या पुढे ठिपके मिळतात आणि पेन्सिलीची बारीक अक्षरेही वाचता येतात. उघडी वही, दोन्ही पाने एकदम घेतली की ते अडीचशेच्या खाली येतात आणि मधल्या शिवणीजवळचे अक्षर वाकडे होते.

खिडकीच्या कडेला बसा, फ्लॅश बंद. पान पातळ असेल तर खाली काळा कागद सरकवा, मागची अक्षरे दिसायची थांबतात. स्कॅनरवर जुनी वही उलटी दाबली की शिवण तुटते, म्हणून जुन्या बांधणीला मोबाइलच बरा. कोरी पाने आणि कव्हरही घ्या. मागच्या कव्हरवर हिशेब, फोन नंबर, दुकानाचा शिक्का असे काहीतरी असतेच. फाइलला नाव 'दाखल_खंड२_पान०४७' असे द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबला जातो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. तीन प्रती ठेवा, त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत.

प्रश्न : शाखेचे कागद शाखेतच नाहीत. मग ते बाहेर कुठे असतात? (परभणी)

शाखा ही स्वतंत्र संस्था नसल्यामुळे तिचे कायदेशीर कागद मुख्य संस्थेच्या नावाने असतात. धर्मादाय कार्यालयात संस्थेच्या परिशिष्ट १ चा उतारा मागा; शाखेची जागा मालकीची असेल तर ती तिथे मालमत्तेत दिसते, आणि विश्वस्त बदलल्याचे बदल अर्ज सालवार मिळतात. संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली असेल तर तिचा विश्वस्त नोंदणी क्रमांक 'एफ'ने सुरू होतो, मागताना तो सांगा. जागेसाठी नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). भाड्याची जागा असेल तर भाडेपावत्या आणि जुनी विजेची बिले. पालिकेची खोली असेल तर पालिकेचा ठराव.

तपासणी अहवाल जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे असतात. शाखेची वेळ, सभासद, पुस्तके, वर्तमानपत्रे असे त्या दिवसाचे चित्र त्यात मिळते. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क लावून मागता येतात. अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा ठेवा. जुने अहवाल मुदत संपल्यावर नष्ट करतात, तेव्हा उशीर नको.

आणि तुमचे परभणी म्हणजे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य. त्या आधीचा सरकारी पत्रव्यवहार हैदराबादच्या नावाने असणार, कदाचित उर्दूतही. हैदराबादने स्वतःचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९५५ मध्ये केला होता. कोल्हापूर संस्थानाने तर त्याच्याही आधी, १९४५ मध्ये. विदर्भातल्या शाखांनी १९५६ पूर्वीचे कागद मध्य प्रदेशाच्या आणि १९५० च्या आधीचे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या नावाने शोधावेत. मुंबई इलाख्यात १९३९ ला ग्रंथालयांच्या विकासासाठी फैजी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरची योजना स्वातंत्र्याच्या सुमारास लागू होऊन जिल्हा आणि तालुका ग्रंथालयांना मान्यता व मदत मिळाली. कोणत्या सरकारचे लेटरहेड आहे एवढ्यावरूनही कागदाचा काळ कळतो.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या हिशेबात 'तंगा' आणि 'एस्कुद' लिहिले आहे. (मडगाव)

पोर्तुगीज राजवटीतली नाणी. सोळा तंगांचा एक रुपया. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी रुपया जाऊन एस्कुद आले, सहा एस्कुद एका रुपयाला. १९ डिसेंबर १९६१ नंतर भारतीय चलन. रुपये आणि तंगा असतील तर हिशेब त्या दशकाच्या अखेरीपूर्वीचा, एस्कुद असतील तर शेवटच्या दोन-तीन वर्षांतला.

प्रश्न : जुन्या सभासदांना भेटतो, पण सगळे 'फार छान दिवस होते' एवढेच सांगतात. काय विचारावे? (गिरगाव, मुंबई)

साल विचारू नका, ते कोणालाच आठवत नाही. आधी की नंतर, ते विचारा. तुमच्याकडे गिरणी संप (१९८२), आणीबाणी (१९७५ ते ७७), दूरदर्शनचे येणे. पुण्यात पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), साताऱ्या-कोकणात कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७). 'संपाच्या वेळी तुम्ही वर्गणी भरत होतात का?' या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते आणि ते वर्गणीच्या पुस्तकाशी ताडता येते.

रिकाम्या हाताने जाऊ नका. दाखल नोंदवहीच्या दोन पानांची झेरॉक्स, एक तारीखपट्टी असलेले पुस्तक, जुना फोटो समोर ठेवा. मग खोलीबद्दल विचारा: दार कुठे होते, कपाट उघडे होते की काउंटरमागे बंद, यादीतून अंक लिहून चिठ्ठी द्यावी लागे का, मुलींना वेगळी वेळ होती का, वर्तमानपत्रे उभ्याने वाचायची की बसून. शक्य असेल तर त्यांच्याकडून खोलीचा नकाशा काढून घ्या. पदाधिकाऱ्यांआधी शिपाई, बाईंडर आणि पुस्तके घरोघर नेणारी माणसे गाठा. पदाधिकाऱ्यांचे म्हणणे अहवालात छापलेले आहे. शिपायाचे कुठेच नाही, आणि कपाटे कोणत्या साली कुठून आली हे त्यालाच ठाऊक असते. मुलाखत पाऊण तासाच्या वर नको, पुन्हा जा.

प्रश्न : सगळे जमवले. पुस्तिका किती पानांची करावी आणि त्यात काय नसावे? (ठाणे)

चौसष्ट पाने पुरेशी आहेत. सोळाच्या पटीत पाने घेतली की छपाईत कागद वाया जात नाही. अध्यक्ष-कार्यवाहांच्या फोटोंना चार पाने, त्याहून जास्त नको. जागांचा नकाशा, वर्षवार सभासद आणि वर्गणीचा तक्ता, 'झिजून बाद' झालेल्या पुस्तकांची यादी, ग्रंथपाल आणि शिपाई यांची नावे कालावधीसह, हे घ्याच. ज्या वर्षांचे कागद मिळाले नाहीत ती साले तक्त्यात कोरी सोडा, अंदाजाने भरू नका.

कोणी कोणते पुस्तक नेले हे छापू नका. देवघेवीच्या वहीत नाव आणि पुस्तक शेजारी-शेजारी असते आणि मोह होतो. सभासदाने ते वाचनालयाच्या भरवशावर नेले होते. संख्या द्या, नावे नकोत. माणूस हयात असेल आणि त्याने स्वतः सांगितले असेल तरच अपवाद. थकबाकीदारांच्या याद्याही तशाच बाजूला ठेवा.

छापल्यावर १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे चार ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. मुदत तीस दिवसांची. एक प्रत मुख्य संस्थेला, एक जिल्हा ग्रंथालयाला. आणि शाखेतल्या प्रतीला त्याच दिवशी दाखल अंक द्या, गुप्त पानावरही लिहा, तारीखपट्टी डकवा आणि ती देवघेवीत ठेवा, काचेच्या कपाटात नको.